बांधावरची शर्यत

माणसांनी विहिरींना कठडे बांधले नव्हते, तेव्हाची गोष्ट. तळ्यातले आणि विहिरीतले बेडूक दरवर्षी मधल्या बांधावर उड्यांची शर्यत लावत. सारं रान बघायला लोटायचं.

एकदा तळ्याचा म्होरक्या डबऱ्या म्हणाला, "यंदा नदीवरच्या शर्यतीत उतरायचं. तिथं नाव होतं."

"अरे मेल्या, नदी काय इथं आहे?" म्हातारी ढोणूआजी करवादली. "आणि शेजाऱ्याला हरवण्याची मजा तिथं कुठली?"

पण ऐकतो कोण! उन्हातान्हात उड्या मारत तळ्यातले सगळे नदीवर पोचले, तेव्हा पायांत त्राण नव्हतं. पंच खेकड्यानं पहिली जोडी पुकारली, "तळं विरुद्ध विहीर!"

समोर विहिरीतले बेडूक, तेही नाव कमवायला आलेले, धापा टाकत उभे होते. काठावर बघायला चिटपाखरूही नव्हतं.

ढोणूआजीनं कपाळावर हात मारून घेतला. "मारा आता उड्या! बांधावर निदान हरलेल्याला हसायला तरी कुणी होतं."