एका वाटीत पुरण आणि शिरा

“फुकट दिलंय ना त्यानं? मग वर ही अट कसली, माई?”

मिहिर करवादला. लहानपणी तो माईंकडे गणित शिकला. आता कॉम्प्युटरवरचे गेम बनवतो. दोन वर्षं खपून त्यानं होड्यांच्या शर्यतीचा गेम केला होता. गुरुवारी तो बाजारात यायचा होता.

“कसली अट?”

“गेममधलं पाणी हलवणारा कोड एका परक्या माणसाचा आहे. ओपन सोर्स. तो म्हणतो, माझं घ्या. पण ज्यात मिसळाल ते सगळं जगासाठी उघडं करा.”

“कर की मग.”

“कसं करू? गेम ज्या इंजिनावर चालतो ते दुसऱ्या एका कंपनीचं. त्यांचं लायसन्स म्हणतं, आमच्या आतलं कुणाला दाखवायचं नाही!”

“घेताना वाचलं होतंस?”

“...कोण वाचतं ते?”

“मी तर बाई व्रत घेतानाच सगळं वाचते. वकील काय म्हणाला?”

“दोन्ही अटी एकत्र पाळता येत नाहीत म्हणे. मूर्ख आहे. मी सरळ कोडवरून त्या परक्याचं नाव पुसून टाकतो. कळणार कुणाला?”

माई उठून ओट्याशी गेल्या.

त्यांनी वाटीत कुळधर्माचं पुरण घेतलं. देवीचा हा नैवेद्य घरच्यांनीच संपवायचा, उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यावर शेजारून आलेला सत्यनारायणाचा शिरा घातला. तो तर दारी येईल त्याला द्यायचा. बोटांनी दोन्ही एकत्र कालवलं आणि वाटी मिहिरच्या हातात ठेवली.

दारात सिलिंडर घेऊन बबनराव आले होते.

“जा, त्यांना प्रसाद दे.”

मिहिर निघाला.

“अरे अरे! देवीचं पुरण बाहेर नेतोस?”

तो वळला.

“आणि दारातल्या माणसाला प्रसाद नाही म्हणतोस?”

“माई, चेष्टा करताय का?”

“उभा काय राहिलास खांबासारखा?”

“द्या हो, साहेब,” बबनराव हसले. “देवी काय बघायला येतेय? कळणार कुणाला?”

“मला कळेल ना!” मिहिर खेकसला.



मग ओट्याशी जाऊन चमच्यानं शिरा वेगळा काढू लागला. रव्याच्या कणाकणाला पुरण लागलं होतं. बराच वेळ खटपट केली. शेवटी चमचा आपटला.

“नाही निघत, माई. दोन वर्षं गेली माझी...”

माईंनी त्याच्या हातातली वाटी घेऊन बाजूला ठेवली. गॅस पेटवला. कढई ठेवली, रव्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

“हं, आता शेजारचा नको. तुझा तू भाज. आणि आच मंद ठेव, घाईनं करपतो.”