गुरवांचा व्रण

"अजून एकदा काप घेता येतील का, बाई?"

खांडेपारकर बाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "कशासाठी?"

"तिथं गाठ सापडायलाच पाहिजे. माझ्या फोटोत स्पष्ट आहे."

"असेल."

"असेल म्हणजे? मी सही केलीय, बाई."

डॉक्टर यशोधन रणपिसे म्हणजे त्या इस्पितळातला एमआरआयचा राजा. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं आणि माणसाच्या पोटात काय दडलंय ते बोट ठेवून सांगायचं, हे त्याचं काम. बोट सहसा चुकायचं नाही, हेही खरं. पण चुकत नाही असं दहा जणांनी म्हटलं की माणसाचं जे होतं, ते त्याचं झालं होतं.

बाई पॅथॉलॉजीच्या. शस्त्रक्रियेत काढलेला भाग त्यांच्या टेबलावर येतो. त्या तो चिरतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घेऊन बघतात आणि काय आहे ते लिहितात. त्यांनी लिहिलं की त्यावर अपील नाही. यशोधन वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात शिकला होता.

प्रकरण होतं नागनाथ गुरवांचं. वय अठ्ठावन्न. माणदेशातल्या एका खेड्यात महादेवाची पूजा चाळीस वर्षं त्यांच्याकडे. त्यांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला, तोही अगदी खाली, गुदद्वाराशी. सव्वा महिना किरणं झाली, औषधं झाली. मग दोन महिने थांबून फोटो काढला. बघायचं एवढंच होतं, की गाठ विरघळली का?

विरघळली असेल तर शस्त्रक्रिया लांबवायची आणि दर तीन महिन्यांनी तपासत राहायचं. नसेल तर गुदद्वारासकट सगळं काढायचं, आणि पोटावर शौचाची पिशवी, जन्माची.

इथंच घोडं पेंड खात होतं. फोटोत दोन सेंटिमीटरचा करडा डाग होता. उरलेली गाठ म्हणावी तर तशी, भरून आलेला व्रण म्हणावा तर तसा.

यशोधननं आधी बरोबर लिहिलं होतं. 'व्रण असण्याचीही शक्यता आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढावा.' पण डॉक्टरांच्या बैठकीत सर्जन म्हणाले, "शक्यता काय घेऊन बसलास? दुर्बिणीतून मलाही नीट कळत नाहीये. तुझ्यावर सोडतो. आहे का नाही, ते एक सांग."

चार माणसं बघत होती. यशोधननं खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही वाक्यं खोडली. वर लिहिलं, 'गाठ शिल्लक आहे.' खाली सही. हात जरासुद्धा हलला नाही.

सर्जननी काढायचं ते काढलं. आणि आता बाई सांगत होत्या, कॅन्सरची एकही पेशी नाही.

"तीन वेळा काप घेतले," बाई म्हणाल्या. "डागाचा सगळा भाग घेतला. घरी शितावरून भाताची परीक्षा चालते. इथं अख्खं पातेलं उपसावं लागतं. ते उपसलं."

"कोन चुकला असेल. मी फोटो तिरके घेतो, तुम्ही सरळ कापता."

"तुझा फोटो शेजारी ठेवूनच कापलं."

 मग यशोधन जे बोलू नये ते बोलला.

"बाई... हल्ली तुमचा हात थरथरतो."

 

बाईंनी हात टेबलावर उताणा ठेवला. थरथरत होता खरा.

"हल्ली नाही रे," त्या म्हणाल्या. "पहिली सही केली त्या दिवसापासून."

...

चौथ्यांदा काप घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी काचांचा ट्रे बाईंनी यशोधनसमोर सरकवला.

"मी बघणार नाही. तू बघ. सापडलं की हाक मार."

तो बसला. एक काच, दुसरी काच. सगळीकडे फिकट गुलाबी दोरे, एकमेकांत घट्ट विणलेले. व्रण. पुढची काच, पुन्हा व्रण. चहा आला, साय धरून गार झाला. त्याची मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं. तरी तो उठला नाही. हट्टाला पेटलेला माणूस बसल्या जागी किती वेळ बसू शकतो ते त्या दिवशी बाईंनी पाहिलं.

सव्विसाव्या काचेवर तो थबकला. तीन-चार पेशी, मोठ्या, वेड्यावाकड्या, आतला ठिपका काळाभोर.

"बाई, सापडलं."

बाई आल्या. सूक्ष्मदर्शकाच्या समोरच्या जोडनळीला डोळा लावला. फार वेळ लागला नाही.

"किरणांनी भाजलेल्या पेशी आहेत. व्रणातल्याच. भाजलं की चेहरा असाच विद्रूप होतो. कॅन्सर नाही."

यशोधननं पुन्हा पाहिलं. कळत होतं. दुसऱ्या वर्षाला हे त्यानं वहीत चित्र काढून लिहिलं होतं, बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता.

"यशोधन."

"हं."

"हाक मारलीस तेव्हा तू हसत होतास."

...

 यशोधनला आठवलं, ओठ खरंच ताणले होते. दोन दिवस तो एकच गोष्ट मागत होता. त्या माणसात कॅन्सर निघू दे. मनातल्या मनात त्यानं हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. स्वतःचीच शिसारी आली त्याला.

बरीच वर्षं तो कुणासमोर रडला नव्हता. रडला असं आजही म्हणता येणार नाही. नाक मात्र पुसलं.

"गुरव बाहेर बाकावर बसलेत," बाई म्हणाल्या. "टाके दाखवायला आलेत. रिपोर्ट विचारतायत."

"सर्जन सांगतील ना."

"माझ्या खात्याची रीत तुला ठाऊक आहे."

ठाऊक होती. फोटो एक सांगतो आणि काच दुसरं दाखवते, तेव्हा ज्यानं आधी लिहिलं त्यानंच जाऊन सांगायचं. इस्पितळात या रीतीला सगळे नावं ठेवायचे. पाळायचे मात्र.

बाकावर गुरव एका कुशीवर रेलून बसले होते, सरळ बसवत नव्हतं. धोतर सोडून पायजमा घातला होता. शेजारी त्यांची बायको, पार्वतीबाई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

"मी डॉक्टर रणपिसे. तुमचा फोटो मी वाचला होता."

"बसा की," गुरव म्हणाले.

तो बसला नाही. "रिपोर्ट आला. कॅन्सर कुठंही नाही."

पार्वतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आवाज न करता रडल्या. गुरवांनी हात जोडले.

"म्हंजी समदा काढला?"

एक 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. सगळे सुखात घरी गेले असते. यशोधनच्या जिभेवर ते 'हो' आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "काढलेल्या भागात कॅन्सर नव्हताच. किरणांनी, औषधानं तो आधीच गेला होता. तिथं व्रण होता, वाळलेला. मी फोटोत पाहिला आणि गाठ म्हणून लिहिलं."

"मंग... थांबलो असतो तर?"

"थांबून बघता आलं असतं. कदाचित हे करावं लागलं नसतं. आधी मी तसं लिहिलं होतं. मग खोडलं."

"का वो खोडलं?"

यशोधनकडे उत्तर होतं. चार माणसं बघत होती, हेच ते उत्तर. ते त्यानं सांगितलं. सांगताना त्याला गुरवांच्या पायाच्या बोटांखेरीज काही बघवलं नाही.

गुरवांचा हात सदऱ्यावरून पोटाच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला.

"चाळीस वर्सं पिंडीला पानी घातलं," ते हळू बोलले. "पारोसा कदी गेलो न्हाई. आता ह्ये पोटावर घिऊन गाभाऱ्यात कसा पाय टाकू? घरातनं भायेर पडतो, देवळाच्या उंबऱ्याभायेर हुबा ऱ्हातो. पुतन्या आत पूजा करतो. मंत्र चुकतो त्यो. मी भायेरनं सांगतो."

"अवो, जित्तं हायसा," पार्वतीबाई म्हणाल्या. "मला लई झालं."

"तुला झालं गं."

...

 मग गुरव बायकोचा खांदा धरून उठले. यशोधननं आधाराला हात पुढे केला. गुरवांनी तो पाहिला, नाकारला नाही आणि धरलाही नाही. "येतो," म्हणाले आणि कडेकडेनं, भिंतीला हात लावत गेले.

यशोधन परत आला तेव्हा बाई काचा पुसून डबीत ठेवत होत्या.

"क्षमा केली नाही त्यांनी," तो म्हणाला.

"मागितलीस?"

"...नाही."

बाईंनी डबीचं झाकण लावलं. वर नाव लिहिलं, नागनाथ शिवराम गुरव. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"बाई, उद्याच्या बैठकीत एक फोटो आहे. विट्याच्या शाळेतल्या शिक्षिका आहेत. तसाच डाग, तेवढाच, त्याच जागी. मी सकाळपासून तीनदा पाहिला."

"मग?"

"कळत नाही. गाठ म्हणावी तर गुरव दिसतात. व्रण म्हणावा आणि आत गाठ असली, तर ती शिक्षिका मरेल. मी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगतो तो फोटो."

त्यानं खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. ठेवताना ते काचांच्या डबीला लागून टकटक वाजलं.

"बघा," त्यानं हात पुढे केला. "हे असं होतंय. सही कशी करू?"

बाईंनी त्या हाताकडे खूप वेळ पाहिलं. मग पेन उचलून त्याच्या बोटांत दिलं.

"आता कर."