इनामदारांचा एकवीसचा डाव

यमाजीराव इनामदारांच्या बैठकीत पत्त्यांचा एकवीसचा डाव रंगायचा. एकवीसच्या जास्त जवळ जाईल तो जिंकला, एकवीस ओलांडेल तो बाद. नियम दोघांना सारखे, तरी हरायचे ते गावकरीच. आज सगुणा नावाडणीची नाव पणाला लागली होती. इनामदारांचं बोलावणं आल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

पाळी येईपर्यंत ती बघत बसली आणि आणखीच गोंधळली. खेळ सारखा, मग रोज हेच कसे जिंकतात? तेवढ्यात भिवा तेली तेविसावर गेला. इनामदारांनी त्याची शेळी बांधून घेतली, स्वतः एकही पान न उचलता.

"सरकार, तुम्हीही एकवीस ओलांडलं असतं तर?" सगुणानं विचारलं.

"तो आधी बाद झाला ना! मी कशाला पानं घेऊ?"

सगुणाच्या डोक्यात उजेड पडला. "मग माझ्या डावात आधी तुम्ही घ्या."

"छे गं! पाहुण्याला पहिला मान, ही आमच्या घरची रीत."

"रीत मोडूच नका, सरकार. चला, माझ्या नावेत बसून खेळू. तिथं पाहुणे तुम्ही."

बैठकीत हशा पिकला. सगुणा नाव घेऊन पैलतीरी पोचली, तरी इनामदार पत्ते आवरत सांगतच होते, "आज नदीला ओढ फार आहे!"