मोहरबंद मोटर

सरदेसाई सरकारांची गोल करवत नुसती गुरगुरत होती, फिरत मात्र नव्हती! बटण दाबलं की मोटर ‘हुंऽऽऽ’ करी, थरथरे आणि जागच्या जागी तापून बसे. कारभारी अंतोबांनी तिच्यापुढे नारळ फोडला, उदबत्ती लावली. मोटरीने प्रसादापुरतंसुद्धा अंग हलवलं नाही!

इकडे खाडीकाठी बाबल तारी डोक्याला हात लावून बसला होता. त्याच्या होडीचा तळ कुजला होता आणि नव्या फळ्यांसाठी आणलेलं फणसाचं लाकूड सरकारांच्या कारखान्यात अडकलं होतं. मृग तोंडावर आलेला. होडी पाण्यात उतरली नाही, तर पलीकडच्या वाडीला ना बाजार, ना दवाखाना!

“मग मोटर उघडून बघत का नाहीत?” त्याच्या मुलीने, शालनने विचारलं. ती गावची भातगिरण चालवायची.

“उघडणार कशी गो? सरकारांच्या वडिलांनी झाकणावर लाखेची मोहर मारून ठेवलीय. ‘ही फुटली तर घराण्याचं नाक गेलं’ असं सांगून म्हातारा वर गेला!”

शालनने पदर खोचला आणि थेट कारखाना गाठला.

सरकार आरामखुर्चीत पान चघळत होते. “तू मोटर चालू करणार? कर की! पण मोहर फुटता कामा नये. बाहेरची वस्तू आत घालायची नाही. मोटरीची वस्तू बाहेर काढायची नाही. जमलं तर फळ्या फुकट कापून देईन. नाही जमलं, तर वर्षभर माझी माणसं तुझ्या बापाने फुकट पलीकडे न्यायची!”

मागून धावत आलेला बाबल दारातच मटकन खाली बसला.

“कबूल!” शालन म्हणाली. “आधी बटण दाबा. आणि अंतोबा, तुम्ही वरच्या दिव्याकडे बघा.”

“दिव्याकडे? बिघाड खाली आहे गो बाई!”

“बघा तरी!”

मोटर गुरगुरली. दिवा किंचित मंदावला, पण चांगला जळत राहिला.

“म्हणजे वीज नीट येतेय. आता बंद करा, आणि प्लगही काढा.” शालनने पट्टा उतरवून करवत मोटरीपासून वेगळी केली आणि मोटरीची पुली हाताने फिरवली. पुली लोण्यासारखी फिरली. “कुठे अडकलेलीही नाही. पोट भरलेलं, हातपाय धड, तरी उठत नाही!”

“आळशी आहे,” अंतोबा म्हणाले.

“आळशी असेल तर ढकलल्यावर उठेल!” तिने पुलीला सुतळीचे वेढे घातले, प्लग लावायला सांगितला आणि ओरडली, “दाबा!” बटण दाबताच तिने सुतळी सर्रकन ओढून घेतली. मोटर घूंऽऽ करत फिरायला लागली!

सरकार खुर्चीतून अर्धे उठले. “जिंकलीस की!”

“नाही सरकार. रोज हिला ढकलायला मी थोडीच येणार? आता बंद करा, आणि कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ नका.”

मोटर मंदावत गेली. शालन कान देऊन उभी राहिली. पुली थांबली. कारखान्यात चिडीचूप.

“काहीच ऐकू आलं नाही,” सरकार कुजबुजले.

“तेच तर! थांबताना आत ‘टक्’ व्हायला हवं होतं. आत एक लहानसा खटका असतो. मोटर थांबली की तो बसतो, आणि पुढच्या वेळी पहिला धक्का तोच देववतो. तो वर अडकून राहिलाय. गिरणीत कोंडा अडकतो, इथे भुसा!”

तिने प्लग काढायला लावला आणि अंतोबांच्या सायकलचा पंप आणवला. पंपाची नळी मोटरीच्या जाळीसमोर धरून ती हवा मारत सुटली. फुस्स! फुस्स! दुसऱ्या बाजूने पिवळ्या भुशाचा असा लोट उठला, की अंतोबांच्या मिशा पिकल्या फणसासारख्या झाल्या! तिने पुली पुढे-मागे हलवली, परत हवा मारली. आतून बारीक आवाज आला: टक्!

“लावा प्लग. दाबा बटण!”

मोटर गर्रकन फिरली. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. बंद केली, टक्! पुन्हा चालू केली, पुन्हा फिरली! बाबल दारातून उठून उभा राहिला.

पण सरकार हट्टाचे पक्के. त्यांनी मोहर निरखून पाहिली. लाखेला ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांनी बोट उगारलं. “थांब! बाहेरची वस्तू आत घालायची नाही असं ठरलं होतं. तू वारा घातलास!”

“सरकार, या जाळीमागे पंखा आहे. तुमच्या वडिलांच्या काळापासून तो बाहेरचाच वारा आत ओढतोय. त्याला कधी मनाई केलीत?”

सरकारांनी पानाचा तोबरा या गालातून त्या गालात नेला. “बरं! पण आतला भुसा बाहेर काढलास. माझ्या मोटरीतली वस्तू!”

बाबलने डोळे मिटून घेतले. शालनने जमिनीवरचा भुसा ओंजळीत गोळा केला आणि सरकारांपुढे धरला.

“हा लाकडाचा असेल, तर मी जिंकले. मोटरीचा असेल, तर तसं तोंडाने सांगा. आत्ता सगळा परत आत भरते! फक्त सांगून ठेवते, उद्या मोटर बसली तर ती बिघाडाने नव्हे, तुमच्या हुकुमाने बसली!”

सरकारांनी ओंजळीतला चिमूटभर भुसा बोटांत चोळून पाहिला. मग असे खदखदून हसले, की पानाचा ठसका लागला आणि अंतोबांना त्यांची पाठ थोपटावी लागली.

“फेक तो भुसा!” डोळे पुसत ते म्हणाले. “अंतोबा, फळ्या आत्ताच्या आत्ता कापायला घ्या! आणि माझा तो राखून ठेवलेला साग काढा. या पोरीच्या बापाला त्याची नवी वल्ही करून द्या!”