मशेरीवाल्याचे दात

फार पूर्वी डोंगराच्या पोटात एक गाव होतं. त्या गावात कुणाचा दात दुखत नसे. लोकांना त्याची मोठी घमेंड. पण तिशी ओलांडलेलं एकही माणूस तिथे तोंड उघडून हसत नसे, आणि त्याचं मात्र कुणाला नवल वाटत नसे.

त्या गावात एक मुलगी सून म्हणून आली. लग्नाच्या पंगतीला सारं गाव बसलं होतं, तरी चावण्याचा आवाज म्हणून नाही. पिठलं, अंबील, मऊ भात. भाकरी होती, तीही आमटीत बुडवून लगदा केलेली. सुनेने भाजलेला चणा तोंडात टाकला. कडकन आवाज झाला, तशा साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

"दात आहेत गं बाई हिला!" शेजारची म्हातारी म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली. वाऱ्याने पदर जरा सरकला. सुनेने नीट पाहिलं. ती म्हातारी नव्हतीच. तिच्या थोरल्या बहिणीच्या वयाची बाई होती.

दुसऱ्या दिवशी सुनेने वेशीवरच्या कडुनिंबाची कोवळी काडी तोडली, टोक चावून मऊ कुंचा केला आणि दारात बसून दात घासू लागली. विहिरीवर चाललेल्या बाया थांबल्या.

"सून आणलीत की शेळी?" एकीने सासूला टोमणा मारला.

सासू वरमली. तिने कमरेची डबी काढली. आत काळी पूड होती, तंबाखू भाजून केलेली मशेरी. "पोरी, आमच्यात काड्या चघळत नाहीत. ही बोटावर घे आणि हिरडीला चोळ. दातही साफ, दुखणंही गप."

सुनेने मशेरी लावली नाही. पण नव्या घरात हसं नको म्हणून काडीही टाकली. इथेच ती चुकली. सकाळी नुसती चूळ भरायची, रात्री गूळ खाऊन तशीच निजायची.

महिना-दीड महिना गेला. हिरड्या सुजल्या, दाढेत ठणका लागला, आणि एका सकाळी चूळ लाल आली. ती घाबरली. मग तिला आईचं बोलणं आठवलं : रक्त आलं तर काडी सोडू नये, हात हलका करावा. तिने पुन्हा काडी घेतली. पहिल्या दिवशी रक्त जास्तच आलं, आणि ते नेमकं सासूने पाहिलं.

"काडीने तोंड फाडून घेतलंस! फेक ती आधी. सांजेला मशेरीवाला येतोय. तो बघेल."

दिवे लागायच्या वेळी मशेरीवाला आला. गावची कुत्री त्याच्यावर भुंकली नाहीत, भिंतीला अंग चोरून बसली. माणूस चिपाडासारखा, वयाचा अंदाज लागू नये असा. खांद्याला झोळी. पाऊल टाकलं की झोळीत काहीतरी खुळखुळे.

बाया एकामागून एक आल्या. तो पैसा घेत नसे. प्रत्येकीने पदराची गाठ सोडली, आतला पडलेला दात त्याच्या तळव्यावर ठेवला आणि डबी भरून घेतली. सासूनेही गाठ सोडली.

मग तो सुनेकडे वळला आणि हसला. तोंडभर दात, पण एक रुंद, एक बारीक, एक पोराच्या दुधाच्या दाताएवढा. एका माणसाचे दात असे नसतात.

"रक्त येतं ना, लेकी?"

"येतं."

"ठणकतं?"

"झोप नाही, काका."

"चिमूटभर लाव. ठणका जागच्या जागी मरेल. आज बदल्यात काही नको. पुढे देशीलच."

ठणका मोठा वाईट. सुनेचा हात पुढे गेला. तेवढ्यात सासू मशेरीवाल्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाली, "तो वरचा. कोपरा उडालेला. तो माझा आहे. सुपारी फोडताना उडाला होता कोपरा."

"होता तुझा," तो म्हणाला.

"दे माझा मला."

त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि खुंटीवरची टोपी काढावी तसा दात काढून तिच्या हातावर ठेवला. सासूने तो पदराला पुसला, हिरडीवर दाबला. पडला. पुन्हा दाबला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा दाबला, तो थेट जमिनीवर पडला. मशेरीवाला शांतपणे पाहत होता. "जागा मेली की दात धरत नाही, बाई," असं म्हणत त्याने जमिनीवरचा दात उचलला आणि परत तोंडात बसवला.

सुनेने हात मागे घेतला.

"मला नको. दुखतंय म्हणून निदान कळतंय तरी. ते गप केलं की तुम्ही दात गुपचूप न्याल."

"बघू," मशेरीवाला म्हणाला. "दुखण्यापुढे भलेभले वाकतात. मी येतोच परत."

सून वाकली नाही. शेजारच्या गावच्या वैद्याला तिने दाढ दाखवली. सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणानंतर, निजायच्या आधी, तिने न चुकता काडी धरली. पुढून घासलं, आतून घासलं, मागच्या दाढाही सोडल्या नाहीत. जोर केला नाही. रात्री घासल्यावर तोंडात काही घातलं नाही. आधी रक्त आलं, मग थुंकी नुसती गुलाबी, मग स्वच्छ. हिरड्या घट्ट झाल्या, ठणका गेला. तिचं पाहून गावच्या पोरीबाळी कडुनिंबाखाली जमू लागल्या, मग त्यांच्या आयाही.

मशेरीवाला परत आला, तेव्हा झोळीतले दात सरत आले होते आणि त्याच्या तोंडात दोन भगदाडं पडली होती. तो थेट सुनेच्या दारी गेला. दारात सासू बसली होती, हातात काडी. उरलेले चार दात घासत होती. ओठाला रक्त लागलं होतं.

त्याचे डोळे चमकले. "रक्त येतं ना, बाई?"

सासू त्याच्या पायापाशी थुंकली.

"येतं. हिरडी जिवंत आहे अजून, म्हणून येतं. चल, नीघ."

त्या सांजेला गावात एकाही पदराची गाठ सुटली नाही.

तात्पर्य : दात रोज दोनदा, हलक्या हाताने, आतूनबाहेरून घासावेत. रक्त दिसलं म्हणून घासणं सोडू नये. दुखलं तर वैद्य गाठावा. दुखणं नुसतं गप करतो, तो चोर समजावा.