चढाची गाडी

एका खाडीकाठच्या गावात दोन भाऊ राहत होते. गावामागे उंच डोंगर, डोंगरमाथ्यावर त्यांची जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची खाण आणि खाली खाडीवर धक्का. वरून चिरे आणायचे आणि धक्क्यावर होडीत चढवायचे, हा त्यांचा धंदा. थोरला भाऊ धक्क्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि धाकटा गाडी चालवायचा. थोरला गाडी चालवत नसे, पण गाडीविषयी शेवटचा शब्द त्याचाच असे. आपल्याकडे थोरला असणं हीच एक पदवी असते.

त्यांची जुनी गाडी पार खिळखिळी झाली होती. चढाला लागली की धापा टाकायची, मधेच थांबायची. हा चढ धक्क्यावरच्या चहाच्या टपरीसमोरच सुरू होत होता. टपरीवरची माणसं चहा पिता पिता म्हणायची, "अहो, खाली उतरून ढकला आता!" थोरल्याला हे फार लागायचं. रिकामी गाडीसुद्धा चढत नाही म्हणजे काय! भरलेली गाडी मात्र डोंगराच्या पलीकडच्या अंगाने, वळणावळणाच्या वाटेने खाली उतरून वळसा घालत धक्क्यावर यायची. तिकडे टपरी नव्हती, त्यामुळे ती कशी उतरते ते कोणीच बघत नसे.

शेवटी नवी पिकअप घ्यायचं ठरलं. दोघे भाऊ शहरात गेले. नव्या गाडीची पूजा करायची म्हणून धाकट्याची बायकोही हळदकुंकू आणि नारळ घेऊन बरोबर गेली.

दुकानदाराने विचारलं, "माल किती न्यायचा? मागे ट्रॉली जोडायची का?"

"गाडीचा हौदाही भरायचा आणि ट्रॉलीही," थोरला म्हणाला. "आणि चढ मोठा आहे."

"मग दोन गाड्या दाखवतो. किंमत सारखीच. ही एक मोठ्या इंजिनाची. कसलाही चढ सांगा, हसत चढेल. ही दुसरी मधल्या इंजिनाची, पण हिचे ब्रेक मोठे आहेत आणि हिच्याबरोबरच्या ट्रॉलीला स्वतःचे वेगळे ब्रेक आहेत."

थोरल्याने दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डोळ्यांसमोर टपरी होती.

धाकट्याची बायको हळूच म्हणाली, "भाऊजी, पण आपली गाडी चढते तेव्हा रिकामीच असते ना? भरलेली असते ती उतरताना."

दुकानदाराने मोठ्या इंजिनाच्या गाडीचं दार उघडून दाखवलं. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं तेवढंच सांगण्यात त्याची हयात गेली होती. थोरला मात्र हसला. "तू नारळाकडे बघ. गाडीचं आम्ही बघतो."

मग त्याने धाकट्याकडे वळून विचारलं, "काय रे, तुझं काय म्हणणं?"

धाकट्याला बायकोचं पटलं होतं. रोज उतारावर त्याचाच पाय ब्रेकवर असायचा. पण चार लोकांत थोरल्या भावाचा शब्द खाली कसा पाडायचा? तो म्हणाला, "दादा म्हणेल ते."

मोठ्या इंजिनाची गाडी आणि तिच्यामागे साधी, बिनब्रेकची ट्रॉली घरी आली. थोरल्याने गाडीला मागे जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्याही घालून घेतल्या. पहिल्याच दिवशी ती टपरीसमोरून अशी सुसाट चढली की माणसं चहाचे कप हातात धरून उठून उभी राहिली. थोरल्याची छाती फुगली. त्या दिवसाचा सगळ्यांचा चहा त्याने पाजला.

मग त्याची हाव वाढली. कितीही चिरे भरले तरी जादा पाट्यांमुळे गाडी मागे दबत नसे. थोरला म्हणायचा, "गाडी बसत नाही, म्हणजे अजून जागा आहे. टाका आणखी एक थर."

धाकटा एकदा म्हणाला, "दादा, उतारावर ट्रॉली मागून लोटते. ब्रेक तापून जळका वास येतो."

"एवढं मोठं इंजिन आहे आणि तू घाबरतोस? लोक काय म्हणतील? जरा हळू ये."

घरी बायको म्हणाली, "थोडे चिरे कमी भरा. मी सांगू का भाऊजींना?"

"नको. होडी भरतीला सुटायची आहे, दादाने शब्द दिलाय. हे एवढं काम होऊ दे, मग मीच बोलतो."

ते बोलणं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पलीकडच्या उतारावर अर्ध्या वाटेत गाडीच्या ब्रेकमधून धूर निघू लागला. धाकट्याने पाय दाबला तो थेट तळाला गेला. मागून भरलेली ट्रॉली लोटत होती. मोठं इंजिन पुढे होतं, पण मागून येणाऱ्या ओझ्यापुढे त्याचं काही चालेना. उतार संपला की समोर बाजार होता, बाया-माणसं, पोरंबाळं. धाकट्याने गाडी वाटेच्या कडेच्या उभ्या डोंगरावर नेऊन आदळली. हौद्यातले चिरे केबिनवर कोसळले.

बाजारातल्या कोणाला खरचटलंही नाही. धाकटा मात्र जागच्या जागी गेला.

थोरला ऊर बडवून रडला. ते रडणं खरं होतं, उगाच खोटं कशाला सांगू? पण तेरावं झाल्यावर तो चारचौघांत म्हणू लागला, "नशीब त्याचं. गाडीत काही खोट नव्हती. एवढं होऊन इंजिनाला ओरखडा नाही." लोक माना डोलवायचे. मेलेल्या माणसापेक्षा इंजिनाबद्दल बोलणं सोपं असतं.

काही महिन्यांनी त्याने केबिन ठोकून सरळ करून घेतली, रंग मारला आणि गाडी विकायला काढली. दुसऱ्या एका खाणीचा मालक ती बघायला आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "चढाला कशी आहे?"

"बाणासारखी," थोरला म्हणाला.

धाकट्याची बायको दारात उभी होती. तिला राहवलं नाही. ती पुढे येऊन म्हणाली, "तुमचा भरलेला माल वरून खाली येतो का हो? येत असेल तर ही गाडी घेऊ नका. घेतलीत तर आधी ट्रॉलीला ब्रेक लावून घ्या. माझा माणूस हिच्यातच गेला."

पाहुणा चपापला. त्याने थोरल्याकडे पाहिलं. खरं बोलायला थोरल्याला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. त्याने क्षणभर मान खाली घातली आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "दुःखात आहे बिचारी. मनावर घेऊ नका."

"असू दे, असू दे," पाहुणा कळवळून म्हणाला. "आणि तसंही मी कुठे चालवतो? चालवतो माझा धाकटा भाऊ."

थोरल्याने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: एकाने चूक करायची आणि दुसऱ्याने जीव द्यायचा, असं जिथे चालतं, तिथे चूक करणारा कधीच शहाणा होत नाही.