खडकांचे गाणे

फार फार पूर्वी, मार्गशीर्ष वद्य चतुर्थीच्या सकाळी, एका खाडीवर दाट धुके होते. वारा पडला होता. त्या धुक्यात लोकांना पलीकडे नेणारी तरीची होडी खडकावर आपटली आणि एक कुंभार बुडाला.

ही होडी कशी चाले ते आधी ऐका. खाडीत पाण्याखाली खडक होते. धुक्यात त्यांच्या खुणा दिसत नसत, म्हणून जुन्या लोकांनी एक गाणे रचून ठेवले होते. प्रत्येक बाकावरच्या वल्हेकऱ्याने आपले कडवे पाठ करायचे आणि पाळी आली की म्हणायचे. गाण्याच्या ठेक्यावर वल्ही पडत. कडव्यात ‘डावीकडे’ आले की सुकाणूवरचा तांडेल होडी डावीकडे वळवी.

पण अधूनमधून होडी आपटे. नेहमी नाही. आणि आपटे ती एकाच कडव्यावर, जिथे दोन खडकांमधून अरुंद वाट होती. ते कडवे पोशा नावाच्या वल्हेकऱ्याचे. त्याच्या आधी त्या बाकावर बसलेल्या दोघांची वल्ही गावाने जाळली होती. ज्याचे वल्हे जळले, त्याने किनारा सोडायचा, अशी रीत होती.

“तांडेलबाबा, माझं काय चुकलं?” पोशाने विचारले. “डावीकडे म्हणायचं तिथं डावीकडेच म्हटलं ना मी?”

“म्हटलंस. मी ऐकलं.”

“मग?”

पंचांनी अमावास्येला पोशाचे वल्हे जाळायचे ठरवले.

तांडेल चिकाटीचा माणूस. रिकामी होडी नेऊन त्याने सगळ्यांकडून गाणे म्हणवून घेतले. एक शब्द चुकला नाही. मग पोशाचे कडवे त्याने दुसऱ्याला दिले. पुढच्या धुक्यात राजाचा कारभारी पार जात होता. होडी त्याच वाटेत पुन्हा घासली.

पंच म्हणाले, “त्या बाकालाच विसराळूपणाची लागण झालीय!”

अमावास्येच्या आदल्या दिवशी लख्ख ऊन होते. पाटलाच्या लेकीचे वऱ्हाड होडीत चढले.

“काय तांडेल, आज पंगत खडकावरच बसवणार का?” वरमाय म्हणाली. सगळे हसले.

तांडेलाने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिले आणि स्वतः होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसला. कोणते कडवे संपताना कोणता खडक बाजूला येतो, एवढेच त्याला पाहायचे होते.

पहिले कडवे संपले, पहिला खडक बाजूला आला. बरोबर. दुसरे कडवे गोमाचे. गोमाचा आवाज असा, की वऱ्हाडी वाहवा करू लागले. कडवे संपले तेव्हा होडी त्या कडव्याचा खडक ओलांडून कितीतरी पुढे गेली होती! तिथून पुढचे प्रत्येक कडवे बरोबर होते आणि प्रत्येक उशिरा पडत होते. मोकळ्या पाण्यात त्याने काही बिघडले नाही. पण अरुंद वाटेत, आता पुन्हा आपले कडवे म्हणणाऱ्या पोशाने ‘डावीकडे’ म्हटले, तेव्हा होडी कधीच वळलेली होती, सुकाणूवरच्याने डोळ्यांनी पाहून वळवली म्हणून.

“गोमा, तुझं कडवं पुन्हा म्हण.”

गोमाने म्हटले. खडकांच्या ओळी संपल्या, आणि शेवटी आले, ‘असा तांडेल दर्यावर नाही, मिटल्या डोळ्यांनी नेई पार.’

“ही ओळ कुठली?”

“माझीच की, बाबा. बडी माणसं होडीत असली की म्हणतो. तुम्ही गालात हसता.”

“आणि वल्ही?”

“वल्ही पडतातच. गाणं चालू असताना कोण थांबेल?”

“कुंभार बुडाला त्या दिवशी?”

“त्या दिवशी सावकार होता ना होडीत.”

ती ओळ तांडेलाने कितीदा तरी ऐकली होती. ती गाण्यात जास्तीची आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. ती त्याला खरी वाटली होती.

संध्याकाळी त्याने पंचांना सगळे सांगितले.

ओळ गाण्यातून काढली. पोशाचे वल्हे जळले नाही. तांडेलाने सुकाणू सोडले. हाकललेल्या दोघांना आणायला माणूस गेला. एक परत आला. दुसरा परमुलखात मेला होता.

होडी जिथे आपटते तिथेच चूक झालेली नसते, आणि आपल्या स्तुतीत दडलेली चूक आपल्याला सर्वांत शेवटी ऐकू येते.